चिपळूणच्या पावसात कॉकाटेल आणि कन्यूरची अंडी: इन्क्युबेटर कोणता घ्यावा?

आपण दिलेली माहिती आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर तिच्यावरच उभे आहे. आपल्याकडे चिपळूणला कॉकाटेलच्या तीन जोड्या आणि सन कन्यूरची एक जोडी आहे; दोन्ही पोपटवर्गातले लहान पक्षी. कॉकाटेलची एक जोडी सलग दोन वेळा आठव्या-नवव्या दिवशी अंडी सोडून उठली. कन्यूरच्या चार अंड्यांपैकी तीन अंड्यांत पिल्ले पूर्ण वाढूनही कवचातच मेली आणि फोडून पाहिल्यावर ती ओली, फुगलेली दिसली. आता अंडी उबवण्याच्या यंत्राचे, म्हणजे इन्क्युबेटरचे, तीन पर्याय आपल्यासमोर आहेत: छप्पन्न अंड्यांचे स्वस्त ‘पूर्ण स्वयंचलित’ यंत्र, परदेशी बनावटीचे चोवीस अंड्यांचे महाग यंत्र, आणि ओळखीच्या मिस्त्रीकडून थर्माकोलच्या पेटीत बनवून घ्यायचे यंत्र. यांतले कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे की छप्पन्न अंड्यांचे यंत्र आपल्या कामाचे नाही. परदेशी यंत्र घ्यावे, पण त्याच्या ज्या सुविधेसाठी सर्वांत जास्त पैसे मोजावे लागतात, ती स्वयंचलित आर्द्रता, कोकणात आपल्याला जवळजवळ निरुपयोगी आहे. ती नसलेले साधे मॉडेल घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत दुसरी लहान पेटी, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि खोलीतील ओल काढण्याची सोय करावी. पोपटवर्गीय पक्ष्यांची अंडी मी गेली बावीस वर्षे उबवतो आहे आणि या काळात मी अंडी गमावली ती बहुतेक दोनच कारणांनी. एक म्हणजे यंत्राच्या आकड्यावर ठेवलेला विश्वास आणि दुसरे म्हणजे गरज नसताना घातलेले पाणी.

यंत्राकडे वळण्यापूर्वी कॉकाटेलच्या त्या जोडीविषयी सांगायला हवे. कॉकाटेलमध्ये नर आणि मादी दोघेही अंड्यांवर बसतात. साधारणपणे दिवसा नर आणि रात्री मादी. हा पक्षी अंधारात दचकणारा आहे. रात्री मांजर पिंजऱ्याजवळून गेले, वीज कडाडली किंवा उंदराने जाळी खरवडली तरी मादी घाबरून पेटीबाहेर पडते आणि काळोखात तिला परत आत जाता येत नाही. सकाळी अंडी गार झालेली आढळतात आणि जोडी अंडी सोडते असा शिक्का तिच्यावर बसतो. पिंजऱ्याजवळ रात्रभर एक मंद दिवा ठेवावा, घरट्याच्या पेटीत पिसवा-माइट आहेत का ते पाहावे आणि मादीला कॅल्शियम मिळते आहे ना याची खात्री करावी. एवढ्याने त्या जोडीपुरता प्रश्न सुटण्याची चांगली शक्यता आहे. जी जोडी स्वतः रवण नीट करते तिची अंडी काढून यंत्रात ठेवण्याचे मी कधीच समर्थन करत नाही. पोपटवर्गातील अंड्यांचे पहिले पाच-सात दिवस आईबापांच्या पोटाखाली गेले, तर पुढे यंत्रात पिल्ले निघण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढते. हे अनुभवी पाळणाऱ्यांना ठाऊक आहे आणि माझ्या वहीतील नोंदीही तेच सांगतात. म्हणून यंत्र हा आधार समजावा आणि अंडी शक्यतो सातव्या-आठव्या दिवसानंतर, किंवा जोडी उठलीच तर, त्यात न्यावीत.

आता तापमान. कॉकाटेलची अंडी १८ ते २१ दिवसांत आणि सन कन्यूरची साधारण २३-२४ दिवसांत फुटतात. पंख्याने हवा फिरवणाऱ्या यंत्रात या दोहोंसाठी ३७.२ ते ३७.४ अंश सेल्सिअस तापमान लागते. यात ‘पंख्याने हवा फिरवणाऱ्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पंखा नसलेल्या पेटीत गरम हवा वर आणि गार हवा खाली असे थर तयार होतात आणि एकाच अंड्याच्या वरच्या व खालच्या बाजूंच्या तापमानांत दीड-दोन अंशांचा फरक पडतो. कोंबडीचे अंडे मोठे आणि जड असल्याने असा फरक काही प्रमाणात सहन करते. कॉकाटेलचे अंडे पाच-साडेपाच ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या दहाव्या हिश्श्याइतके. ते तितक्याच लवकर तापते आणि तितक्याच लवकर गार होते. पंखा नसलेले यंत्र म्हणूनच आपल्या यादीतून आधीच वगळावे.

पंखा असूनही तापमान सगळीकडे सारखे असेलच असे नाही. माझे पहिले मोठे यंत्र याच छप्पन्न अंड्यांच्या प्रकारातले होते. त्याच्या पडद्यावर रात्रंदिवस ३७.५ हा आकडा स्थिर असे आणि त्या स्थिरपणावर मी निर्धास्त होतो. त्यात मी आफ्रिकन ग्रे पोपटाची तीन अंडी ठेवली होती. तिन्ही पिल्ले दोन दिवस आधी टोचा मारून, म्हणजे आतून कवच फोडून, निघाली. त्यांच्या पोटाशी बलकाची पिशवी अर्धी बाहेरच होती, आणि तीन दिवसांत तिन्ही गेली. नंतर मोजून पाहिले तेव्हा पडद्याला जोडलेला संवेदक (सेन्सर) पंख्याच्या थेट झोतात होता आणि ज्या कोपऱ्यात मी अंडी ठेवली होती तेथे ३८.६ अंश भरले. समोरच्या कोपऱ्यात ३६.४ होते. म्हणजे यंत्र आपल्या संवेदकापुरते खरेच बोलत होते. अंड्यांजवळ काय चालले आहे हे त्याला कळतच नव्हते. अंड्याला थोडा वेळ गारवा चालतो, जास्तीची उष्णता मात्र चालत नाही, हे मी त्या तीन पिल्लांमुळे शिकलो.

त्यानंतर कोणतेही यंत्र, मग ते कितीही नावाजलेले असो, मी अशा रीतीने तपासल्याशिवाय वापरत नाही. औषधाच्या सहा-सात लहान बाटल्या घ्याव्यात, प्रत्येकीत तीस-चाळीस मिलिलिटर पाणी भरावे आणि झाकणे घट्ट लावावीत. उघड्या बाटलीतले पाणी बाष्पीभवनाने गार होते आणि आकडा चुकतो, म्हणून झाकण हवेच. या बाटल्या चारही कोपऱ्यांत, मध्यभागी आणि पंख्याखाली, अंड्यांच्या उंचीवर ठेवून यंत्र रात्रभर चालू द्यावे. सकाळी एकेक बाटली उघडून ताप मोजण्याच्या डिजिटल थर्मामीटरचे टोक पाण्यात बुडवावे. घरोघरी असणारा हा थर्मामीटर नेमका ३५ ते ४२ अंशांच्या टप्प्यासाठी बनवलेला असतो आणि त्या टप्प्यात बाजारातल्या बहुतेक स्वस्त तापमापकांपेक्षा कितीतरी अधिक विश्वासू ठरतो. झाकण उघडताना यंत्रातील हवा गार होते, पण बाटलीतले पाणी लगेच गार होत नाही; त्यामुळे अंड्याच्या आत काय तापमान असेल त्याचा जवळचा अंदाज मिळतो. सर्वांत गरम आणि सर्वांत गार जागेत ०.३ अंशापेक्षा जास्त फरक असेल तर ते यंत्र पोपटांसाठी घेऊ नये, किंवा घेतलेच असेल तर फक्त मधल्या, तपासलेल्या जागेत अंडी ठेवावीत. विक्रेत्याला आधीच विचारावे की ही तपासणी करून यंत्र परत करता येईल का. जो हो म्हणतो त्याच्याकडून घ्यावे.

मिस्त्रीच्या थर्माकोल पेटीला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. थर्माकोल उष्णता उत्तम धरतो आणि कोंबडीच्या अंड्यांवर अशा पेट्या खेडोपाडी चांगले काम करतात. अडचण असते ती आतल्या नियंत्रकाची. अशा पेटीत सहसा रिलेवर (आपोआप चालूबंद होणाऱ्या विजेच्या स्विचवर) चालणारा साधा नियंत्रक आणि बल्ब असतो. बल्ब पूर्ण पेटतो आणि ठरावीक आकड्यावर पूर्ण विझतो. या दोहोंमधला फरक एक-दोन अंशांवर ठेवलेला असेल, तर पेटीतले तापमान दिवसभर झोपाळ्यासारखे वरखाली होत राहते. फरक कमी केला तर रिले सारखी टकटक करते आणि तिची टोके जळून चिकटण्याचा धोका वाढतो. टोके चिकटली की बल्ब विझतच नाही आणि सकाळपर्यंत सगळी अंडी शिजलेली असतात. चांगल्या यंत्रात हीटरला थोडी-थोडी वीज सतत कमीजास्त करत दिली जाते, त्यामुळे तापमान ०.१-०.२ अंशाच्या आतच हलते. पोपटाच्या यंत्रात मुख्य पैसा याच गोष्टीसाठी मोजायचा असतो. ब्रिटनच्या ब्रिन्सी, जर्मनीच्या ग्रुमबाख आणि कोरियाच्या आर-कॉम यांची यंत्रे पोपट पाळणाऱ्यांत नाव मिळवून आहेत ती प्रामुख्याने यामुळे. तरीही थर्माकोलची पेटी घ्यायचीच झाली तर तिच्यात मुख्य नियंत्रकाशिवाय दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट ३८.५ अंशांवर लावून घ्यावा, जो पहिला अडकला तरी वीज तोडेल. शिवाय थर्माकोल धुऊन निर्जंतुक करणे फार कठीण असते. त्याच्या छिद्रांत घाण राहते आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून वास येऊ लागतो.

अंडी फिरवण्याच्या यंत्रणेकडे लोक फारसे पाहत नाहीत, पण छप्पन्न अंड्यांच्या यंत्राला मी नकार देतो त्याचे अर्धे कारण तेथेच आहे. ते यंत्र कोंबडीच्या अंड्यासाठी आखलेले असते. समजा त्याचा सरकता ट्रे एका खेपेत ३५ मिलिमीटर सरकतो. कोंबडीच्या अंड्याचा घेर १३५ ते १४० मिलिमीटर असतो, म्हणून ते साधारण पाव वळण घेते, आणि ते योग्यच आहे. कॉकाटेलच्या अंड्याची जाडी १९ मिलिमीटरच्या आसपास आणि घेर जेमतेम ६० मिलिमीटर. तेच ३५ मिलिमीटर त्याला अर्ध्याहून जास्त वळण देतात. रुळांचे यंत्र असेल तर दोन रुळांमधल्या फटीत हे अंडे रुततेसुद्धा, आणि मग ते अजिबात फिरत नाही किंवा चिरते. म्हणून खरेदीपूर्वी रुळांमधले अंतर बदलता येते का, ट्रेची सरक कमी करता येते का आणि फिरवण्याची वेळ ठरवता येते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. अंडे एकाच दिशेने गोल-गोल न फिरता एकदा इकडे व एकदा तिकडे फिरले पाहिजे, नाहीतर आतला बलक धरून ठेवणारे दोर पिळले जातात. पोपटाची अंडी आडवी ठेवायची असतात, कोंबडीप्रमाणे टोक खाली करून उभी नव्हेत. मी अजूनही यंत्राने फिरवलेल्या अंड्यांना रोज दोनदा हाताने अर्धे वळण देतो. त्यासाठी अंड्याच्या एका बाजूला मऊ पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढतो, म्हणजे अंडे खरोखर फिरले की नाही हे नजरेला दिसते.

आता आर्द्रतेचा प्रश्न. आपल्या कन्यूरच्या पिल्लांचे मरणही मला याच्याशी जोडलेले वाटते. अंडे उबत असताना कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर जात राहते आणि जाड टोकाकडची हवेची पोकळी मोठी होत जाते. पिल्लू टोचा मारेपर्यंत ताज्या अंड्याच्या वजनातील सुमारे १५ टक्के घट झाली पाहिजे. १३ ते १६ टक्के चालते. घट कमी झाली तर पोकळी लहान राहते, पिल्लू ओले व फुगलेले होते, त्याला आत वळायला जागा मिळत नाही आणि पहिला श्वास घेण्याच्या वेळीच ते गुदमरते. आपण वर्णन केलेली पिल्ले नेमकी अशी आहेत. घट फार झाली तर उलट पिल्लू चिकट होते आणि पापुद्रा त्याच्या अंगाला वाळून बसतो.

यासाठी यंत्रातील सापेक्ष आर्द्रता पोपटांच्या बाबतीत सरासरी ४० ते ५० टक्क्यांत असावी लागते, आणि कोकणात अडचण तेथेच येते. पावसाळ्यात चिपळूणच्या घरात २८ अंश तापमान आणि ८८ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट आहे. तीच हवा यंत्रात जाऊन ३७.३ अंशांपर्यंत तापली की तिच्यातले पाणी तेवढेच राहते, पण तिची पाणी धरण्याची क्षमता वाढते, त्यामुळे सापेक्ष आर्द्रता ५२ टक्क्यांवर येते. याचा अर्थ असा की यंत्रात थेंबभरही पाणी न घालता आपण मर्यादेच्या वर असता. याउलट मे महिन्यात नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा यंत्रात गेली तर आत जेमतेम १९ टक्के आर्द्रता राहते, आणि पुण्याच्या जानेवारीतल्या कोरड्या दिवशीही आकडा विसाच्या आत असतो. नागपूरच्या किंवा पुण्याच्या माणसाला आपोआप पाणी सोडणारा पंप उपयोगी आहे. पण असा पंप पाणी फक्त घालू शकतो, काढू शकत नाही. आपण पावसाळ्यात त्याच्यावर ४५ टक्क्यांचा आकडा लावला, तर तो पंप चार महिने नुसता बसून राहील. जास्त किमतीच्या यंत्रातला हा भाग आपण घेऊ नये असे मी म्हणतो ते यासाठी.

आपल्याला लागते ती खोली कोरडी करण्याची सोय. जेथे यंत्र ठेवणार त्या खोलीत एसी असेल आणि हवा २५ अंश व ५५ टक्क्यांवर ठेवता आली, तर यंत्रात २७-२८ टक्के आर्द्रता मिळते. मग पाण्याची लहान वाटी ठेवून तीच ४०-४५ पर्यंत नेणे सोपे असते. एसी नसेल तर हवेतील ओल काढणारे डीह्युमिडिफायर यंत्र लहान खोलीत तेच काम करते. वीज गेल्यामुळे काही तास आर्द्रता वाढली म्हणून घाबरून जाऊ नये, कारण तापमानाप्रमाणे आर्द्रता तासातासाला अचूक राहावी लागत नाही; संपूर्ण काळातली सरासरी महत्त्वाची असते. मात्र बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून किंवा उष्णता वाचवण्यासाठी यंत्राची हवेची भोके बंद करण्याची चूक करू नये. शेवटच्या आठवड्यात पिल्लू कवचातून प्राणवायू घेते आणि कोंदटलेल्या पेटीत ते मरते.

सरासरी बरोबर आहे की नाही हे आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर सांगत नाही, अंडेच सांगते, म्हणून काटा हवा. समजा कन्यूरचे अंडे घातले त्या दिवशी ७ ग्रॅमचे होते. १५ टक्के म्हणजे १.०५ ग्रॅम, आणि टोचा साधारण एकविसाव्या दिवशी पडतो असे धरले तर रोज ०.०५ ग्रॅम घट व्हायला हवी. स्वयंपाकघरातला ०.१ ग्रॅमचा काटा दोन दिवसांत एकदा हलेल. त्यावर काहीच ठरवता येणार नाही. सोनार वापरतात तसा ०.०१ ग्रॅमचा काटा आज सहज मिळतो. अंडे घातल्याच्या दिवशीच वजन करून वहीत लिहावे, मग ते पुढे आईखाली राहो की यंत्रात जावो. दर तीन दिवसांनी एकाच वेळी वजन करावे. सातव्या दिवशी ०.३५ ग्रॅमऐवजी ०.२ ग्रॅमच घट दिसली तर पाण्याची वाटी काढून टाकावी आणि खोली आणखी कोरडी करावी. दुरुस्तीला अजून दोन आठवडे हातात असतात. याच वेळी टॉर्चवर अंडे पाहून हवेच्या पोकळीची कड पेन्सिलीने आखावी. चौथ्या-पाचव्या दिवशी जिवंत अंड्यात लाल शिरांचे कोळ्यासारखे जाळे आणि मधे धडधडणारा ठिपका दिसतो. फोल अंडे स्वच्छ पिवळट राहते, आणि मेलेल्या गर्भाच्या अंड्यात रक्ताचे एक कडे उरते.

यंत्राबरोबर दुसरी लहान पेटी घ्यावी असे मी वर म्हटले, त्याचे कारण अंडी घालण्याच्या पद्धतीत आहे. कॉकाटेल एक दिवसाआड अंडे घालते. पाच अंड्यांच्या खेपेत पहिल्या आणि शेवटच्या अंड्यात आठ दिवसांचे अंतर पडते. अंडे फुटण्याच्या वेळी मात्र ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते, म्हणजे पापुद्रा मऊ राहतो. एकच पेटी असेल तर पहिल्या पिल्लासाठी आर्द्रता वाढवायची आणि त्याच वेळी उरलेल्या चार अंड्यांतून पाणी जाऊ द्यायचे, या दोन गोष्टी एकत्र होऊच शकत नाहीत. शिवाय फुटलेल्या अंड्यांतील ओल आणि जंतू इतर अंड्यांजवळ पसरतात. दुसरी पेटी अगदी साधी चालते. तिला फिरवण्याची यंत्रणा नको. ३७ अंशांच्या आसपास स्थिर राहिली, पारदर्शक झाकण असले आणि गरम पाण्याने धुता आली म्हणजे झाले. पिल्लाची चोच आतल्या हवेच्या पोकळीत शिरली, म्हणजे टॉर्चच्या उजेडात त्या पोकळीत हलणारी सावली दिसू लागली आणि अंडे कानाशी धरल्यावर बारीक चिवचिव ऐकू आली, की फिरवणे थांबवून ते अंडे या पेटीत हलवावे. तेथून कवच फोडून बाहेर येईपर्यंत पोपटाच्या पिल्लाला एक ते दोन दिवस लागतात. या काळात घाईने कवच सोलणाऱ्यांनी जितकी पिल्ले मारली आहेत तितकी यंत्रांनीही मारली नसतील. पापुद्र्यावर रक्ताच्या शिरा दिसत आहेत तोवर हात लावू नये.

विजेचा हिशोब खरेदीपूर्वी करावा. लहान यंत्र सरासरी ४० वॅट घेते असे धरले तर आठ तासांना ३२० वॅट-तास लागतात. घरातील १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १८०० वॅट-तास असतात. बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही असे ठरवले आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ती वीज धरली, तरी एक रात्र निभावते, पण त्यावर पंखे आणि टीव्ही चालू असतील तर निभावत नाही. यंत्रासाठी वेगळी जोडणी घ्यावी आणि इन्व्हर्टर शुद्ध साइन लहर देणारा असावा, कारण स्वस्त इन्व्हर्टरवर पंख्याची आणि फिरवण्याची मोटर गुरगुरते व तापते. १२ व्होल्टवर थेट चालणारे यंत्र मिळाले तर आपल्या भागात त्याला मी पहिली पसंती देईन. वादळात दोन-तीन दिवस वीज नसते तेव्हा ते गाडीच्या बॅटरीवरही चालते. जुलै २०२१ चा पूर आपण पाहिलेला आहे, म्हणून यंत्र आणि बॅटरी दोन्ही वरच्या मजल्यावर ठेवण्याचा आग्रह धरतो. सगळेच बंद पडले तर झाकण न उघडता यंत्रावर गोधडी घालावी, हवेची भोके मोकळी ठेवावीत आणि शेजारी कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवाव्यात. दोन-तीन तासांच्या गारव्याने अंडी सहसा मरत नाहीत.

मोबाइलवर दिसणारे आकडे, आतला दिवा, रंगीत पडदा यांना मी फारसे महत्त्व देत नाही. वीज गेल्यावर वाजणारा गजर मात्र हवा, आणि तो यंत्राच्या स्वतःच्या बॅटरीवर वाजला पाहिजे. सुटे भाग, विशेषतः पंखा, संवेदक आणि फिरवण्याची मोटर, भारतात मिळतात का हे विचारून एक जास्तीचा पंखा यंत्राबरोबरच घ्यावा.

पिल्लू निघाल्यानंतरचा विचार यंत्र घेण्याआधीच करायला हवा. कोंबडीचे पिल्लू वाळले की चालू-खाऊ लागते, पण पोपटाचे पिल्लू आंधळे आणि जवळजवळ उघडे असते. त्याला पहिल्या दिवसांत ३६ अंशांची ऊब आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, पातळ कोमट खाद्य लागते. नोकरी सांभाळून हे एकट्याने होत नाही. म्हणून मी बहुतेकांना दुसरा मार्ग सुचवतो. अंडी यंत्रात नेताना जोडीखाली त्याच आकाराची प्लास्टिकची अंडी ठेवावीत. जोडी बसून राहिली तर टोचा मारलेले अंडे परत तिच्या पोटाखाली सरकवावे, म्हणजे पिल्लाला जन्मताच आईबापांच्या पोटातले अन्न मिळते. आपल्याकडे कॉकाटेलच्या तीन जोड्या आहेत. उठलेल्या जोडीची अंडी बसलेल्या जोडीखाली देणे हा तर यंत्राहूनही सोपा उपाय आहे, फक्त दोन्ही खेपांत तीन-चार दिवसांपेक्षा जास्त अंतर नसावे.

सन कन्यूरच्या बाबतीत कायद्याची एक गोष्ट राहते. ही जात साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार आणि २०२४ च्या नियमांनुसार तिची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पिल्ले झाली की तीही कळवावी लागतात. कॉकाटेल साइट्सच्या यादीत नाही. जोडीची नोंदणी झालेली नसेल तर अंडी उबवण्याआधी ते काम उरकावे.

आता मे महिन्यात यंत्र हाती आले तर लगेच कन्यूरची अंडी त्यात ठेवू नयेत. आधी तीन दिवस पाण्याच्या बाटल्यांची तपासणी करावी. मग शेजारपाजारच्या गावठी कोंबड्यांची आठ-दहा ताजी, फलित अंडी घेऊन ३७.५ अंशांवर पूर्ण २१ दिवसांची एक खेप काढावी. रोजची नोंद, वजन, टॉर्च, वीज गेल्यावरची धावपळ, शेवटच्या तीन दिवसांत दुसऱ्या पेटीत हलवणे, हे सगळे त्या खेपेत हाताखालून जाईल आणि पावसाची पहिली आठवडाभराची ओलही यंत्राने पाहिलेली असेल. पिल्ले निघाली की रात्री अंधारात एखाद्या खुडुक कोंबडीच्या पंखाखाली एकेक सरकवावीत. सकाळी ती त्यांना आपलीच समजून अंगणात घेऊन फिरते.